विज्ञानकथेतले हेर: सिस्कोला इतक्या सहज माफी का?

धूमकेतू: (कथानक फुटेल, आधीच सांगतो.) ‘स्टार ट्रेक’ परिवारातल्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेचा १९९८चा ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग पुन्हा पाहिला. डोमिनियन या परकी साम्राज्याशी पृथ्वीच्या बाजूचं (फेडरेशनचं) युद्ध हातचं जातंय, तटस्थ रोम्युलन हे दुसरे परग्रहवासी सोबत आले तरच निभाव लागेल. म्हणून फेडरेशनचा कॅप्टन सिस्को माजी हेर गॅरकला हाताशी धरून, डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असा खोटा पुरावा रचतो. रोम्युलन सिनेटर व्रीनाक ती बनवाबनवी ओळखतो, तेव्हा गॅरक त्याचं यानच उडवून देतो. आळ डोमिनियनवर, रोम्युलन युद्धात! लोक या भागावर फिदा आहेत. मला ही पळवाट वाटते. डाव यशस्वी होणार की नाही हे लेखकाच्या हातात. फसला असता तर सिस्कोने आणखी एक शत्रू ओढवून घेतला असता, मग किती जणांनी टाळ्या वाजवल्या असत्या?

शंखनाद: साफ असहमत. मुळात खुनाकडे काय बघता, त्याआधीची लाच बघा. बनावट रेकॉर्डिंग करणारा टोलर बारमालक क्वार्कला भोसकतो. क्वार्कने तक्रार करू नये म्हणून सिस्को त्याला पैसे चारतो. आणि क्वार्क चक्क खूश होतो, कारण प्रत्येकाला किंमत असते हे त्याचं म्हणणं खरं ठरलं! माणूस तिथेच घसरला. माफी कुठे दिलीय? बाकी तिकडे फेडरेशनचा बेटाझेड ग्रह शत्रूच्या हाती पडलाय, रोज माणसं मरतायत. अशा वेळी हात स्वच्छ ठेवणं ही चैन आहे.

धूमकेतू: टोलरही मेला, त्याच्याबद्दल कुणी हळहळतसुद्धा नाही. सिस्को म्हणतो, हे मनावर घेऊन मी जगू शकतो. जगेलच की, मेले दुसरे.

अर्धवट: सिस्को सोडा हो, ‘स्टार वॉर्स’ विश्वातल्या ‘अँडोर’ मालिकेतला बंडखोरांचा हेरप्रमुख ल्यूथन बघा. त्याचा हेर लॉनी साम्राज्याच्या सुरक्षा खात्यात बसलाय. क्रीगर या दुसऱ्या बंडखोराची तुकडी सापळ्यात चाललीय हे तो कळवतो. ल्यूथन क्रीगरला सावध करत नाही, केलं तर लॉनी उघडा पडेल. लॉनीला मुलगी झालीय, त्याला यातून सुटायचंय, ल्यूथन सोडत नाही. खोटं एक अक्षर नाही, नुसतं गप्प बसणं, आणि मरणारे आपल्याच बाजूचे. मला हे जास्त भयंकर वाटतं.

शंखनाद: चर्चिलनेही एनिग्मा ही जर्मन सांकेतिक लिपी फोडल्याचं गुपित राखायला कॉव्हेंट्री शहर बॉम्बहल्ल्यात जळू दिलंच ना?

अर्धवट: दंतकथा. नोव्हेंबर १९४०मध्ये मोठा हल्ला येणार हे माहीत होतं, पण चर्चिलला तो लंडनवर होईल असं वाटत होतं. उदाहरणच हवं तर १९१७ची, जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार घ्या. अमेरिकेशी युद्ध झालं तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने उतरावं, असा प्रस्ताव. ब्रिटिशांनी ती अमेरिकेच्याच तारमार्गावर टिपली होती. ते अमेरिकेला सांगणार कसं? म्हणून मेक्सिकोतून वेगळी प्रत मिळवली. लपवाछपवी स्रोताची, मजकूर अस्सल.

धूमकेतू: एवढं मी पचवेन. सिस्कोचा मजकूरच बनावट होता.

शंखनाद: मग बनावट न करता रोम्युलनांना कसं आणलं असतं?

धूमकेतू: नसतं आणता आलं. युद्ध हरलं असतं तर तेही मला मान्य आहे.

शंखनाद: तुम्हाला मान्य असेल हो. बेटाझेडवाल्यांना विचारलंत?