सॅन स्टॉर्म ६०० किलोमीटरला लीटरभर ऑइल पिते. इंजिन खोलावं का?

पावस_हापूस:

मंडळी, नमस्कार. गाडी सॅन स्टॉर्म, २००१ ची, ७८ हजार चाललेली. नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो: गोव्यात बनायची ती. दोन सीट, उघडं छप्पर, फायबरची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसीचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की घरचे हसतात. पण खाऱ्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या गाड्यांचे दरवाजे खालून कुजले आणि हिच्या अंगाला पुटकुळीसुद्धा नाही. (चेसिसचं विचारू नका.)

जून ते सप्टेंबर ती पडवीत ताडपत्रीखाली असते. पाऊस सरला की पंधरवड्यातून एकदा लेकीकडे कोल्हापूरला, आंबा घाटाने. यंदा दुसऱ्याच फेरीला देवरुखच्या अलीकडे वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकला. ऑइलची पातळी बघायची काठी काढली तर टोकाला जेमतेम ओल. तेव्हापासून सहाशे किलोमीटरला लीटरभर घालतोय. अंगणात एक थेंब नाही. मुलगा बाइकवर मागे होता, तो म्हणतो घाट उतरून साखरप्यात गाडी खेचली की निळसर धूर. आणि ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरट लोण्यासारखं काहीतरी जमतंय.

गॅरेजवाल्याने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि निकाल दिला: रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, इंजिन खोलून बोअर करा (सिलिंडर आतून कापून नीट करा), ७० हजार. आंब्याचे पैसे यायचेत अजून. खोलू का?

दापोलीकर७४:

काका, २०डब्ल्यू-५० (जाड ऑइल) टाका आणि मोकळे व्हा. माझ्या जुन्या गाडीला दोन वर्षं तेच चालू आहे.

ट्रॉलरवाला:

दापोलीकर, जाड ऑइलने धूर कमी दिसेल, पण का जातंय ते कळणार नाही. सकाळी थंड इंजिनला वर चढायलाही त्याला वेळ लागतो. ते नंतर बघू.

काका, मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं करतो. डिझेल वेगळं, पण ऑइल जायच्या वाटा त्याच. आधी एक गोष्ट: तो दिवा प्रेशरचा असतो, पातळीचा नव्हे. वळणावर लुकलुकला याचा अर्थ पंपाने ऑइलऐवजी हवा ओढली. पुन्हा तेवढं खाली जाऊ देऊ नका, नाहीतर बेअरिंगं जातील आणि मग खरंच ७० हजार.

आता तुमचं अंगण. पावसला म्हणजे जांभा असणार. जांभा ऑइल पितो हो! वर रंगही तांबडा, डाग दिसणार कसा? रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा घाला आणि पुढचं चाक कुठे येतं तिथे खूण करा, म्हणजे थेंब इंजिनच्या कुठल्या बाजूचा ते समजेल.

दुसरं, काठी कुठे बघता? अंगणाला पाण्याचा उतार असतोच. एकदा घरी, एकदा पंपावर बघितलंत तर अर्धा लीटर उगाच हरवेल किंवा सापडेल. एकच सपाट जागा, सकाळी, इंजिन थंड. वहीत किलोमीटर आणि किती मिली घातलं ते लिहा.

धुराबद्दल मुलाने नेमकं पाहिलंय. घाट उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, गाडी गिअरमध्ये, इंजिन फिरतंय पण थ्रॉटल (हवेची झडप) बंद. इनटेकमध्ये (हवा आत यायच्या वाटेत) व्हॅक्यूम प्रचंड वाढतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली ओढलं जातं. खाली येऊन पाय दाबला की ते जळतं. हे व्हॉल्व्ह सीलचं, म्हणजे दांड्यावरचं ऑइल अडवणाऱ्या रबरी टोपीचं, लक्षण. रबर वयाने कडक होतं, किलोमीटर कितीही कमी असोत. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन बंद होतो का तेही बघा. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोड असताना सतत धूर दिसला असता.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, कॉम्प्रेशन काढा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे लिहा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. दुसऱ्यांदा आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा. जवळपास तोच राहिला तर रिंगांना दोष देऊ नका. प्लग काढाल तेव्हा क्रमाने मांडा, कुठला ओला ते महत्त्वाचं.

कुडाळचो_बाबू:

ट्रॉलरवाल्यान बरोबर सांगल्यान. काका, खोलूची घाई करू नका. झाकणातला पांढरा लोणी बघून घाबरू नका, चार महिने पावसात उभी गाडी, आत दमट हवा, त्याचा पाणी जमता. काठीवरचा ऑइल स्वच्छ असला आणि रेडिएटरचा पाणी कमी होत नसला तर हेड गॅस्केट (हेडाखालचा पॅकिंग) गेलेला नाय. आणि एक विचारतंय: ऑइल घालताना वरच्या खुणेच्या वर जाता काय?

पावस_हापूस:

बाबू, पकडलंत. "असू दे थोडं जास्त" म्हणून मी बोटभर वर ठेवत होतो. एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा (इंजिनातली वाफ सोडणारा) पाइप काढला तर आतून ऑइलने निथळत होता.

महिनाभर वही ठेवली. पुठ्ठ्यावर रोज दोन रुपयाच्या नाण्याएवढे दोन-तीन डाग, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्याखाली. सिग्नलला जळका वास यायचा तो हाच. पॅकिंग बदललं, ऑइल दोन खुणांच्या मध्ये ठेवलं, आणि एवढ्यानेच लीटर सहाशेवरून साडेनऊशे किलोमीटरवर गेला. काही कंपन्या हजार किलोमीटरला लीटरपर्यंत चालतं म्हणतात, पण मला ते पटत नाही.

कॉम्प्रेशन (एक ते चार नंबर, पीएसआयमध्ये): १६५, १६०, १६५, १५५. ऑइल टाकल्यावर १७०, १६८, १७२, १६३. प्लग तीन नंबरचा काळा ओला, बाकी तपकिरी कोरडे. भपका सकाळी येतो, मोजून तीन-चार सेकंद. आता सीलसाठी हेड उतरवावंच लागेल?

ट्रॉलरवाला:

नाही. कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) काढावे लागतील, हेड नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची, शेवट बाहेर. मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी व्हॉल्व्ह दाबून धरते, आत पडत नाहीत. स्प्रिंग दाबा, कोन (स्प्रिंग अडकवणारे बारीक तुकडे) काढा, जुनं सील चिमट्याने ओढा. कोन उडाला तर सापडणार नाही, भोवती फडकं कोंबा. व्हॉल्व्ह हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ जास्त असेल तर गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजलाय.

पावस_हापूस:

झालं. रत्नागिरीचा एक जुना मिस्त्री तयार झाला, दीड दिवस लागला. आठही सीलं नखाने वाकत नव्हती, तुटत होती. तीन नंबरच्या इनटेकला खेळ आहे, मिस्त्री म्हणाला हे सील पुन्हा लवकर जाईल. त्यानंतर अकराशे किलोमीटर, पाव लीटर गेलं. सकाळचा भपका गेला. साखरप्यात मुलगा पुन्हा मागे होता, म्हणतो एकदा बारीकसा निळा दिसला, मग नाही. पुठ्ठा अजून गाडीखालीच ठेवलाय.