लिस्बनहून रेल्वेने समुद्रकिनारे आणि सिंत्रा : आई-बाबा सोबत आहेत, सल्ला हवा

मंडळी, नमस्कार. गणपती झाले की सप्टेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन लिस्बनला जातोय. मुक्काम शहरातच, आणि सकाळी निघून संध्याकाळी परतायचं, तेही रेल्वेनेच. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती छान चालते, पण चढ आणि पायऱ्या झेपत नाहीत. सगळं अडलंय ते तिथेच.

बाबा वसईचे, किल्ल्याच्या तटावर खेळून मोठे झालेले. १७३९ साली चिमाजीअप्पांनी तो किल्ला ज्या पोर्तुगीजांकडून घेतला त्यांचा मुलूख बघायची त्यांना फार इच्छा आहे. म्हणून पहिला दिवस बेलेंचा जेरोनिमोस मठ. वास्को द गामाची कबर तिथेच आहे.

बेलें ज्या मार्गावर आहे तोच पुढे कश्काइशला जातो. काइश दु सुद्रे स्टेशनावरून साधारण ४० मिनिटं, डाव्या हाताला आधी तेजो नदी आणि मग समुद्र. या मार्गावर किनारा कुठला निवडावा? कार्काव्हेलुशची पुळण मोठी आहे, पण स्टेशनपासून चालावं लागतं. इश्तोरिलचा तामारीश किनारा स्टेशनाला लागूनच आहे, मला तोच बरा वाटतो. फक्त रुळांखालून जो भुयारी मार्ग आहे त्याला उतार आहे की नुसत्या पायऱ्या? आईला पोहायचं नाही, पाण्यात पाय बुडवून बसायचंय. अटलांटिकचं पाणी गारच असणार, ते तिला सांगून ठेवलंय.

सिंत्राला रोसियू स्टेशनावरून गाडी आहे, तीही ४० मिनिटांचीच. पेना राजवाडा डोंगराच्या माथ्यावर. स्टेशनावरून ४३४ नंबरची बस वर जाते आणि फाटकापासून राजवाड्यापर्यंत आतली छोटी गाडी मिळते, एवढं समजलं. पण राजवाड्याच्या आत किती पायऱ्या आहेत? फारच असतील तर आईसाठी गावातला दोन शंकूसारख्या धुराड्यांचा जुना राजवाडा पुरेसा होईल का? पेनाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, त्यामुळे हे आधीच ठरवायला हवं.

सिंत्रा आणि कश्काइश एकाच दिवसात उरकायचा सल्ला बरेच जण देतात. या दोन गावांमध्ये रेल्वे नाही, मध्ये बस घ्यावी लागते. वयस्कर माणसांना अशी फरफट नको असं माझं स्पष्ट मत आहे. तरी कुणी आई-वडिलांना घेऊन असं केलं असेल तर जरूर सांगा.

एक दिवस सेतुबालसाठी राखलाय. ती गाडी २५ एप्रिल पुलाच्या खालच्या मजल्यावरून नदी ओलांडते, बाबा त्यासाठीच उत्सुक आहेत. तिथून बोटीने त्रोइयाच्या वाळूवर जाता येतं. सेतुबाल स्टेशन ते धक्का हे अंतर आईला चालवेल, की टॅक्सीच करावी? आणि सप्टेंबरअखेर तिथे वारा कितपत असतो?