सप्ताहात माइक शिट्टी मारतो, मशीन घ्यावी का?

टाळकरी७: माउली, जरा सल्ला द्या. पुढच्या आठवड्यात गावात सप्ताह बसतोय. देवळापुढे पत्र्याचा मंडप, खाली गुळगुळीत फरशी. गेल्या वर्षी बुवांनी चाल चढवली की माइक कुईंऽऽ करायचा, एकदा तर ऐन गजरात. ८ चॅनलचा मिक्सर, २ बॉक्स, ६ माइक, सगळं गावचंच. मंडळ म्हणतंय फीडबॅक, म्हणजे ही शिट्टी, बंद करायची मशीन आणू. घ्यावी का?

फेडरभाऊ: मशीनचं नंतर बघू, बॉक्स कुठे ठेवता?

टाळकरी७: टाळकऱ्यांच्या मागे, भिंतीला. त्यांनाही ऐकू येतं ना मग

फेडरभाऊ: तिथंच गंडलंय राव. बॉक्सचा आवाज माइकमध्ये जातो, वाढून परत बॉक्समधून येतो, परत माइकमध्ये, असं फिरत राहिलं की जो सूर सगळ्यात आधी वाढतो त्याचीच शिट्टी होते. बॉक्स माइकच्या पुढे आणा, स्टँडवर उंच, तोंड लोकांकडे, पत्र्याकडे नको. आणि बुवांना माइक तोंडाजवळ घ्यायला सांगा, अंतर निम्मं झालं की माइकला साधारण ६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आवाज जास्त मिळतो, तेवढा गेन (मिक्सरवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) खाली घ्या. चालू माइक दुप्पट केले की शिट्टी ३ डीबी आधी येते, म्हणून ६ मधले खरंच लागतात तेवढेच उघडे ठेवा. आमच्याकडे एक माइक नुसता चोपदाराच्या शेजारी उभा असायचा, कोणासाठी ते आजवर कळलं नाही 😀

ओवीताई: शिट्टी आली की लोक हाताने माइक झाकतात ना, ते पहिलं बंद करा. जाळी मुठीत धरली की माइकला पुढचं-मागचं कळेनासं होतं, चहूबाजूंनी आवाज घेतो आणि अजून बोंबलतो. आमच्या भजनी मंडळातल्या एक काकू कायम तसाच धरायच्या, दांडी धरायला शिकवलं आणि निम्मा त्रास गेला.

टाळकरी७: पण बॉक्स पुढे नेले तर टाळकऱ्यांना काय ऐकू येणार?

फेडरभाऊ: एक छोटा मॉनिटर (त्यांच्यापुरता बॉक्स) द्या, हळू आवाजात. साधा कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) माइक असेल तर मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे, तिथं तो सगळ्यात बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड (समोरचं अजून अरुंद ऐकणारा) पाठीमागूनही थोडं ऐकतो, त्याला मॉनिटर मागच्या बाजूला पण जरा तिरका ठेवा. मॉनिटरमध्ये इको अजिबात नको. लोकांकडच्या बॉक्समध्येही कमीच, इको वाढवला की गेन वाढवल्यासारखंच होतं.

पट्टी_काळी५: आदल्या दिवशी मोकळ्या मंडपात एकेक माइक हळूहळू वर घ्या, पहिली शिट्टी ज्या सुरावर येते त्याची पट्टी इक्वलायझरवर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या) ३ डीबी खाली. सगळ्या पट्ट्या पाडत बसू नका, बुवांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होईल. गायनाच्या माइकला लो कट (जाड आवाज कापायचं बटण) असेल तर दाबा, पखवाजाच्या धुमाच्या, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूच्या, माइकला नको. लोक भरले की मंडप थोडा शांत होतो, ती बोनस समजा.
मशीनबद्दल म्हणाल तर ती पेटीचा लांब धरलेला सूरसुद्धा शिट्टी समजून कापते कधी कधी. आमची एक कपाटात पडून आहे.

टाळकरी७: आज बॉक्स पुढे आणून बघितले, मास्तर फुल ओरडले तरी शिट्टी नाही!! मशीन रद्द. आता फक्त बुवांना माइक जवळ घ्या म्हणून कोणी सांगायचं यावर मंडळाची मीटिंग आहे.