कुएरा, भाला आणि सहा घोडे

निवडुंग
काल इथे कुणीतरी लिहिलं, की न्यू स्पेनच्या (आजच्या मेक्सिकोभोवतीच्या स्पॅनिश वसाहतीच्या) उत्तर सीमेवरचे ‘सोल्दादो दे कुएरा’, म्हणजे चामडी अंगरख्यातले घोडेस्वार शिपाई, हे चामड्याखाली दबलेले बावळट स्वार. राहवलं नाही. कुएरा म्हणजे हरणाच्या कातड्याचे सहा-सात थर शिवून केलेला बिनबाह्यांचा अंगरखा, सुमारे 8 किलोचा. लांबून आलेला बाण त्यात रुतून बसे. समोर धनुष्य असताना ते ओझं कसलं?

कडबा
धनुष्य असताना! 1759 साली स्पॅनिश अधिकारी ऑर्तिझ पार्रिया टेक्सासच्या उत्तरेला रेड नदीकाठच्या ताओवाया या मूलनिवासी जमातीच्या गावावर चालून गेला, तेव्हा समोर कूड, खंदक आणि फ्रेंच बंदुका होत्या. तोफा तिथेच टाकून परतला. पुढे या सीमेचा सेनापती तेओदोरो दे क्रोआने हलक्या तुकड्या उभारल्या. कुएरा नाही, ढाल नाही, भालाही नाही.

निवडुंग
ताओवायांनी तटबंदीवर हरवलं. त्याचं खापर अंगरख्यावर का फोडता?

खोगीर
अंगरख्यावर काय भांडताय, खरी मेख घोड्यांत आहे. सीमेवरच्या ठाण्यांसाठीच्या 1772 च्या स्पॅनिश नियमावलीनुसार प्रत्येक शिपायाला सहा घोडे, एक शिंगरू, एक खेचर. त्यातला एक घोडा रात्रंदिवस खोगीर चढवून दाराशी. 40 शिपाई धरा: 240 घोडे! ठाण्याजवळचं गवत संपतं, कळप लांब न्यावा लागतो, राखणीला माणसं अडकतात. अपाचे (तिथली मूलनिवासी जमात) रात्री तो कळप उधळतात आणि सकाळी घोडदळ पायी.

कडबा
मग काय दोन घोड्यांवर पाठलाग करायचा? नुसत्या गवतावरचा घोडा एक दिवस दामटला की दुसऱ्या दिवशी मान टाकतो. पळणारा अपाचे वाटेत घोडा बदलतो. सहा कमीच पडतात.

खोगीर
सहा हवेत, पण राखायचे कुणी? तेच विचारतोय! घोड्यांची किंमत शिपायाच्या पगारातून कापली जाई. चोरी अपाचेची, कर्ज शिपायाचं. ही व्यवस्था कुणाला बरी वाटते, तेच कळत नाही.

निवडुंग
राखणीचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. क्रोआने वजन कमी केलं, तेही समजतं. पण शिपायाचा भाला काढून घेणं चूकच. 6 डिसेंबर 1846, अमेरिका-मेक्सिको युद्धातली कॅलिफोर्नियातली सान पास्क्वालची लढाई: पावसाने अमेरिकन सेनापती कर्नीच्या लोकांची बंदुकीची दारू भिजलेली, खेचरं थकलेली, रांग लांबलेली. मेक्सिकोच्या बाजूने लढणाऱ्या आंद्रेस पिकोच्या भालेकऱ्यांनी जवळपास 20 अमेरिकन मारले.

कडबा
भाल्याचं मानलं. पण त्या भालेकऱ्यांच्या अंगावर कुएरा नव्हता, हेही लिहा.