मदत हवी आहे : राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्राचे श्रेय कोणाला द्यावे?

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात मी आरंभीच्या विमानोड्डाणांवर एक छोटे छायाचित्र प्रदर्शन मांडत आहे आणि त्यातील सर्वांत महत्त्वाच्या चित्राखाली कोणाचे नाव लिहावे, येथेच मी अडलो आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किल डेव्हिल हिल्स येथे ऑरव्हिल राइट यांनी तिकाटण्यावर कॅमेरा बसवला, विमान रुळावरून जिथे वर उचलले जाईल असे त्यांना वाटत होते त्या जागेवर त्याचा रोख धरला आणि किनाऱ्यावरील जीवरक्षक केंद्रातील जॉन डॅनियल्स यांच्या हाती कळ दाबण्यासाठी रबरी फुगा दिला. उड्डाण अवघे १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. विमान जमिनीपासून जेमतेम वर, शेजारी धावत आलेले विल्बर, आणि ते सारे एकाच काचेवर (त्या काळी छायाचित्रे काचेच्या पट्टीवर घेत)! हे चित्र पाहताना मला आजही भरून येते. काच राइट बंधूंच्या गावी, डेटनला परतल्यावर धुतली गेली, म्हणजे चित्र उमटले आहे की नाही, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते.

मग छायाचित्रकार कोण म्हणावा, चौकट ठरवणारा की क्षण टिपणारा? माझा कल दोन्ही नावे देण्याकडे आहे, परंतु संग्रहालयात किंवा छायाचित्रणाच्या क्षेत्रात काम केलेल्यांनी अशा वेळी श्रेयाची ओळ कशी लिहितात, ते कृपया सांगावे. शिवाय १९१३ च्या डेटनच्या पुरात राइट बंधूंच्या काचा भिजल्या होत्या. भिजलेल्या काचेवरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर कसा सुटतो, हे शाळकरी मुलांना समजेल अशा शब्दांत कोणी लिहून देऊ शकेल का?