हायस्पीड मार्गाचा खर्च नेमका कुठे वाचतो?

पारसिक_डोंगर
मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला बीकेसी ते शिळफाटा २१ किमी बोगदा, त्यातला ७ किमी ठाणे खाडीखालून. पुढे बराचसा मार्ग खांबांवर. भिवंडीकडच्या भातशेतीत मातीचा भराव घालून रूळ टाकणं स्वस्त पडलं नसतं का? आणि वेग थोडा कमी धरला तर किती फरक पडतो?

रूळजोड
आधी दुसरा प्रश्न, खरा पैसा तिथेच आहे. वळणाची किमान त्रिज्या (मीटर) = ११.८ × वेगाचा (किमी/तास) वर्ग ÷ (कँट + कँटची तूट, मिमी). कँट म्हणजे वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जितका उंच ठेवतात ते, तूट म्हणजे त्या वेगाला लागणाऱ्या उंचीपेक्षा तो जितका कमी पडतो ते. कँट १८०, तूट १०० धरा. ताशी ३२० ला सुमारे ४,३०० मीटर लागतात, २५० ला २,६५०. एवढ्या मोठ्या वळणाला टेकडी, गाव, खारफुटी चुकवता येत नाही. मग बोगदा नाहीतर पूल. उलट २० किमीत ३२० ऐवजी २५० ने गेलं तर फक्त ६३ सेकंद जास्त लागतात. ठाण्याला थांबणाऱ्या गाडीला तेवढेही नाहीत. मोकळ्या मुलखात मात्र त्रिज्येत काटकसर नको. जपानची तोकाइदो शिंकान्सेन (१९६४) २,५०० मीटरवर आखली, तिथे आजही कमाल २८५. तिच्या पुढची सान्यो ४,००० वर आखली, तिथे ३००.

कसारा_१इन३७
चढही विसरू नका. कसाऱ्याला १:३७ वर मालगाडीला बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) लागतो. पॅरिस-ल्योन मार्गावर (१९८१) ३५ प्रति हजार, म्हणजे जवळपास १:२९ चढ आहे आणि एकही बोगदा नाही! ३०० च्या वेगातली गाडी हवेचा रोध सोडला तर नुसत्या गतीवर १०० मीटर उंची चढते, तरी वेग २५४ उरतो. अट एकच: त्या रुळावर मालगाडी नको.

खाडीकाठ
आता भराव. ६ मीटर उंच, माथा १३ मीटर रुंद, बाजूंचा उतार १:२ धरला तर पायथा ३७ मीटर रुंद होतो. खांबांच्या मार्गाला १७.५ मीटरची पट्टी पुरते. शिवाय खाडीलगतची मऊ चिकणमाती वर्षानुवर्षे खचते. खडीचा ट्रॅक टँपिंग करून (खाली खडी ठासून) उचलता येतो, स्लॅब ट्रॅकला (काँक्रीटच्या लादीवरच्या रुळाला) फास्टनिंगमध्ये, म्हणजे रूळ धरणाऱ्या पकडीत, थोडाच वाव असतो. म्हणून पाणी आधीच पिळून काढायला मातीत उभे निचरा-पट्टे, वर जादा भराव आणि महिनोन्‌महिने थांबणं. प्रत्येक ओढ्याला मोरी, प्रत्येक शेतवाटेला भुयार वेगळंच. कठीण मुरमावर तीनचार मीटर उंचीपर्यंत मात्र भरावच घ्यावा.

पारसिक_डोंगर
मग खांबांवर बचत कशी करायची?

खाडीकाठ
गाळा (दोन खांबांमधलं अंतर) एकच ठेवून. ४० मीटरचा अखंड गर्डर सुमारे ९७० टनांचा. कास्टिंग यार्डात ओतून तयार गर्डरांवरूनच पुढे न्यायचा. मधे एखादा रस्ता तिरका आला की वेगळा गाळा, वेगळा साचा, आणि लाँचर (गर्डर खांबांवर बसवणारं यंत्र) अडून बसतो. शक्य तिथे रस्ता थोडा वळवा, गाळा बदलू नका.

रूळजोड
सहमत. आणि भराव जिथे पुलाला भिडतो तिथे सिमेंट मिसळलेल्या खडीची पाचर घालायला विसरू नका. खचण्याचा पहिला धक्का तिथेच बसतो.