मदत हवी आहे: आई तिसरी केमो नको म्हणतेय, तिचा विश्वास न दुखावता कसं समजवावं?

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यातले, मराठी ख्रिस्ती, आजोबांपासून पंचहौदच्या देवळात जाणारे. हो, आमच्याकडे देऊळच म्हणतात. आई 61 ची, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेली बाई. जानेवारीत छातीत गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी आधी केमो मग ऑपरेशन असं ठरवलं. लाल औषधाच्या चार, दर 21 दिवसांनी, आणि मग दुसऱ्या औषधाच्या 12, दर आठवड्याला. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, सिस्टर मोठ्या सिरींजमधून हळूहळू देते, रंग अगदी कोकम सरबताचा, आणि नंतर लघवीलाही लालसर होतं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, पहिल्या वेळी आई बाथरूममधून अशी काही ओरडली की बाबा हातातला चहा तसाच टाकून धावले.

तरी सगळं बरं चाललं होतं, म्हणजे यात जितकं बरं चालू शकतं तितकं. पाळकसाहेब (आमच्या देवळाचे पाद्री) घरी येऊन तेल लावून प्रार्थना करून गेले, महिला मंडळाच्या बायका दर बुधवारी यायच्या, आईचं पवित्र शास्त्र आणि केमोची फाइल एकाच कापडी पिशवीत. मी स्वतः नाताळ-ईस्टरपुरती देवळात जाणारी, पण जिथे केमो देतात त्या डे केअरच्या बाहेर त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मीही हात जोडायला लागले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री ताप आला. 100.4 च्या वर गेला तर वाट न बघता यायचं असं फाइलवरच लिहिलेलं, 101 होता, मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला होती, ती म्हणे आधी गुडघे टेकू. मी म्हटलं रिक्षात टेकू. पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या, तीन दिवस अ‍ॅडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक.

आता खरा घोळ. गाठ लहान झालीये, आधी लिंबाएवढी हाताला लागायची, आता चिंचोक्याएवढी. डॉक्टर म्हणतात औषध लागू पडतंय, थांबायचं नाही. मावशी म्हणते तेल लागू पडलंय (ती आमच्या देवळात नाही, दुसऱ्या एका प्रार्थना-मंडळीत, फेलोशिपमध्ये जाते), प्रभूने हात लावलाय आणि वर केमो घेणं म्हणजे अविश्वास. आणि आई, जी आयुष्यभर पोरांना ताप आला की क्रोसिन देऊन मग प्रार्थना करायची, ती आई मान डोलावते. त्यात लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ चालू, चाळीस दिवस अंडं-मटण शिवत नाही, डाएटिशियनने रोज दोन अंडी लिहून दिलीत. पुढची केमो गुरुवारी आहे. मी काही बोलले की "तुला काय कळणार, तू तर येतही नाहीस देवळात" असं ऐकावं लागतं, आणि तेही खरंच आहे म्हणून जास्त लागतं.

कुणाच्या घरी असं झालंय का? काय बोललात? कृपया "विज्ञान की श्रद्धा" असा वाद इथे घालू नका, तो आमच्या हॉलमध्ये रोज चालतो.

घोरपडीकर: ताई, सलाम. तुम्ही बोलू नका, पाळकसाहेबांना बोलू द्या, आजाऱ्याला उपास नाही हेही तेच सांगतील. आणि आईंना पवित्र शास्त्रातला यशया 38 काढायला सांगा. हिज्कीया राजा मरायला टेकलेला, रडून प्रार्थना केली, देवाने 15 वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिरांची ढेप गळवावर बांधायला लावली. शब्द मिळालेला असताना औषध! शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता हे वेगळं सांगायला नको.

अबोली: माझ्या सासूबाईंची झालीये केमो, आम्ही हिंदू, पण हे सगळं सेम, फक्त तेलाऐवजी अंगारा. एक विचारू? आईंना केमो नकोय, की ती तापाची रात्र परत नकोय? आमच्याकडे महिनाभर देवावर वाद चालला होता आणि निघाली भीती.

धागाकर्ती: अबोली, तुमचं वाचून काल रात्री सरळ विचारलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली, "अगं त्या तीन दिवसांत मला प्रार्थनाच सुचेना. प्रभूचं नाव पण तोंडात येईना. आपण इतकी वर्षं काय केलं मग?" मला काही उत्तर सुचलं नाही, मी नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले, आता केसही नाहीत तर हात सरळ कातडीवरच. एवढंच म्हटलं की बाहेर मी करत होते गं, मला जमेल तशी. यावर रडली, मग झोपली.

आज डॉक्टरांना फोन करून ती रात्र परत येऊ नये म्हणून काय करता येईल ते विचारलं. या वेळी केमोच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देणार आहेत, गुरुवारच्या आधी सीबीसी, म्हणजे पेशी मोजायची रक्ततपासणी. आई येते म्हणालीये. मावशीला अजून सांगितलेलं नाही, ते बाबा बघतील. पाळकसाहेबांनी फोनवर अंड्यांची परवानगी दिली, आई एकच खाते, दुसरं बाबांच्या ताटात सरकवते.

घोरपडीकर, हिज्कीया काढून दाखवला तर म्हणाली, तीस वर्षं संडे स्कूलला मीच शिकवलाय तो, मला नको सांगू. आणि वर, "मग आण की अंजिरं". बाबा लगेच जाऊन सासवडची ताजी घेऊन आले. पण आम्हाला दिलेल्या कागदावर काउंट (पांढऱ्या पेशी) कमी असताना साल न काढता येणारी कच्ची फळं नकोत असं आहे. शिजवून दिली तर चालतात का? कुणी डाएटिशियन असाल तर सांगा प्लीज, तोपर्यंत मी ती फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे लपवलीत.